पेटीवाला फ्रेममध्ये नाही

बरेच दिवसांत काही लिहिलं नाही. कारण विचारू नका, आळसाला कारण लागत नाही. पण गेल्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती आज उतरवून काढतो. जरा लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

भाची तीन वर्षांपासून पेटी शिकतेय. तिच्या गुरुजींनी सहज विचारलं, की घरात आधी कोणी वाजवायचं का? ती म्हणाली, आजोबा. मग लगेच मला फोन. "मामा, डोंबिवलीच्या गणपतीतला आजोबांचा व्हिडिओ आहे ना तुझ्याकडे? मला त्यांची बोटं बघायचीयेत. अंगठा कुठे घ्यायचे ते नीट बघायचंय."

व्हिडिओ आहे. २००३ सालचा. सोसायटीच्या गणपतीत नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. गायला वरच्या मजल्यावरच्या काकू, तबल्याला बाबांचे ऑफिसातले मित्र आणि पेटीला बाबा. आतेभावाने दुबईहून हँडीकॅम आणला होता, तो त्या दिवशी माझ्या हातात होता. (आतेभाऊ हे वाचत असणारच. दादा, कॅमेरा जपून वापरला होता रे!) ती कॅसेट मी मध्यंतरी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. फोन ठेवला आणि लावली.

छप्पन्न मिनिटं. काकू दिसतात. काकूंचा चेहरा, काकूंचे हात, काकूंच्या गळ्यातला मोत्यांचा सर, पुन्हा काकूंचा चेहरा. मधूनमधून तबला. आणि उजवीकडे, अगदी काठावर, झब्ब्याची एक बाही आणि पेटीचा कोपरा. बाही हलते. एवढेच आमचे बाबा.

आणि हे कोणी केलं? तर ज्याने आयुष्यातला नको तितका वेळ रॉक बँडांच्या चित्रित मैफली बघण्यात घालवलाय, त्याने! कॅमेरा कुठे धरावा आणि कुठे धरू नये यावर मित्रांशी तासन्‌तास वाद घातलेत त्याने. बाबा २०१९ मध्ये गेले. आता ती बोटं कुठून आणू?

म्हणून हा सगळा इतिहास मी पुन्हा एकदा मनात उलगडून बघितला. कोणी गाण्याचं चित्रण कसं केलं, आणि त्यात साथीदाराचं काय झालं.

*

सुरुवात करू १९६७ पासून. त्याआधी रॉकचं गाणं पडद्यावर यायचं ते मुख्यतः टीव्हीच्या स्टुडिओत. तिथले कॅमेरे अवजड, चाकांच्या गाड्यांवर बसवलेले. गायकाने खडूची खूण केलेल्या जागी उभं राहायचं आणि कॅमेऱ्याने त्याच्याकडे बघायचं. पण १९६० च्या सुमारास अमेरिकेत डी. ए. पेनेबेकर, रिचर्ड लीकॉक वगैरे मंडळींनी खांद्यावर घेता येईल असा १६ मिलिमीटरचा कॅमेरा आणि त्याच्याशी तंतोतंत जुळणारं ध्वनिमुद्रण अशी जोडी जमवली. आवाज आणि चित्र एकाच वेगाने चालायचे आणि कॅमेरावाला मोकळा फिरायचा. आज फोनवर हे सगळं बोटाच्या एका स्पर्शात होतं, पण तेव्हा ही क्रांतीच होती. राजकारणावरचे माहितीपट आधी या पद्धतीने झाले आणि मग ती गाण्याकडे वळली.

जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी तीन दिवसांचा पॉप महोत्सव झाला. १६, १७ आणि १८ तारखेला. पेनेबेकर आपली माणसं आणि कॅमेरे घेऊन तिथे पोचला. खरं तर हे टीव्हीसाठी चालू होतं, पण पुढे ते फिसकटलं आणि १९६८ मध्ये 'माँटेरे पॉप' थिएटरात आला. जिमी हेंड्रिक्स गिटार पेटवतो ते दृश्य यातलंच. 'द हू'चा पीट टाउनशेंड गिटार आपटून मोडतो तेही यातलंच.

पण बाबांना मी हा चित्रपट दाखवला तो शेवटच्या अठरा मिनिटांसाठी. बाबांचं रॉकबद्दलचं मत तीन शब्दांत मावायचं: "बंद कर ते." तरी एका रविवारी दुपारी त्यांना पकडून बसवलं, आणि मधलं सगळं पुढे ढकलून थेट शेवटाकडे गेलो. तिथे पंडित रविशंकर आहेत, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. १८ जूनच्या रविवारची दुपार. महोत्सवात बाकी सगळे बिनमोबदला वाजवत होते, मानधन फक्त रविशंकरांना होतं.

पेनेबेकरने इथे एक गंमत केलीय. सतार सुरू होते, पण वादक दिसतच नाहीत. बराच वेळ कॅमेरा फक्त माणसं दाखवत राहतो. झोपलेली, पेंगणारी, फुलं माळलेली, डोळे मिटून बसलेली. श्रोत्यांत हेंड्रिक्स स्वतः बसलेला दिसतो. मग कुठे मंच येतो. आणि एकदा मंच आला की कॅमेरा सतारीच्या तारांवरून थेट अल्लारखाँसाहेबांच्या बोटांवर, तिथून त्यांच्या चेहऱ्यावर. सवाल-जवाब सुरू झाल्यावर तर तो अगदी बरोबर वेळेला तबल्याकडे वळतो, आणि खाँसाहेब मिश्किल हसतात तेव्हा आपणही हसतो.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कॅमेरेवाल्याला गाणं कळतंय. साथ कधी बघायची ते त्याला माहीत आहे."

एरवी "छान आहे" एवढंही न बोलणाऱ्या माणसाकडून ही फार मोठी दाद होती. बाबांनी आयुष्यभर साथच केली. एकट्याने वाजवलं असं मला आठवत नाही. पेटीवाल्याचं नशीबही बघा ना, ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली ती साथीपुरती उठायला तीस वर्षं जावी लागली. गोविंदराव पटवर्धनांसारखा माणूस साथीला असताना श्रोते पेटीला टाळ्या द्यायचे, पण ते गोविंदराव होते. डोंबिवलीच्या गणपतीतल्या पेटीवाल्याला काकूंनी शेवटी "आणि पेटीवर..." असं म्हणून नाव घेतलं की तो भरून पावायचा.

आणखी एक गोष्ट. प्रत्यक्ष महोत्सव रविशंकरांवर संपला नव्हता. त्यांच्यानंतर रात्रभर बाकीचे वाजवत होते. पण पेनेबेकरने क्रम बदलला आणि चित्रपटाचा शेवट या दुपारीवर केला. गिटारी मोडून-जाळून झाल्यावर ही दुपार येते. वाद्याला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरातल्या माणसाला यातलं काय ते बरोबर समजतं. स्वतः रविशंकरांना तो वाद्यांचा नाश फार लागला होता, आणि ते त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवलं.

*

दोन वर्षांनी वुडस्टॉक. ऑगस्ट १९६९. यावर इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटोपतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावची एक डेअरी, चार लाखांवर माणसं, पाऊस, चिखल. मायकेल वॉडलीचा तीन तासांचा चित्रपट १९७० मध्ये आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. थेल्मा शूनमेकर संकलकांत होती आणि मार्टिन स्कॉर्सेसी नावाचा एक तरुणही. पडद्याचे दोन-तीन तुकडे करून एकाच वेळी मंच आणि गर्दी दाखवायची युक्ती यात भरपूर वापरलीय.

पहिल्या रात्री भर पावसात रविशंकर तिथेही वाजले. साथीला पुन्हा अल्लारखाँ, आणि तंबोऱ्यावर चक्क माया कुलकर्णी! वुडस्टॉकच्या मंचावर एक कुलकर्णी होती हे मला कळलं तेव्हा मी चाळीतल्या चार कुलकर्ण्यांना फोन करून सांगितलं होतं. :) पण मूळ चित्रपटात त्यांच्यापैकी कोणीच नाही. तीन दिवसांचं तीन तासांत बसवायचं तर कोणीतरी बाहेर राहणारच.

मला त्या चित्रपटातला सगळ्यात आवडता माणूस गायक नाही. तो तिथले संडास साफ करणारा माणूस आहे. काम करता करता तो कॅमेऱ्याशी आनंदाने बोलतो. त्याचा एक मुलगा इथेच गर्दीत आहे आणि दुसरा व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरवर. संपूर्ण चित्रपटाचं, त्या संपूर्ण पिढीचं म्हणणं त्या दोन मिनिटांत आलंय. आणि ते आलं कारण कोणीतरी कॅमेरा मंचाकडून वळवून संडासांकडे नेला.

काठावर बघितल्याने काय सापडतं याचं दुसरं उदाहरण मात्र भयंकर आहे. वुडस्टॉकनंतर चार महिन्यांनी, ६ डिसेंबर १९६९ ला, कॅलिफोर्नियातच अल्टामाँट नावाच्या मोटारशर्यतीच्या मैदानावर रोलिंग स्टोन्सने फुकट कार्यक्रम केला. जागा ऐनवेळी बदललेली, मंच जेमतेम कमरेएवढा उंच, आणि मंचाजवळ बंदोबस्ताला 'हेल्स एंजल्स' ही मोटरसायकलवाल्यांची टोळी. दिवसभर मारामाऱ्या चालू होत्या. स्टोन्स वाजवत असताना मेरेडिथ हंटर नावाच्या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला मंचासमोरच भोसकून मारलं गेलं. त्याच्या हातात पिस्तूल होतं.

मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांचा 'गिमी शेल्टर' हा चित्रपट त्याच दिवसांचा. तो क्षण एका कॅमेऱ्यात टिपला गेला होता. मिक जॅगर संकलनाच्या टेबलासमोर बसून ते दृश्य बघतोय, मागे नेऊन, थांबवून पुन्हा बघतोय, असं चित्रपटात दाखवलंय. म्हणजे आपण बघतोय ते जॅगरचं बघणं. हंटरच्या मारेकऱ्यावर खटला चालला, ज्यूरीला हीच फिल्म दाखवली गेली, आणि त्याने स्वसंरक्षणासाठी वार केला असं ठरून तो सुटला.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा गाण्याच्या ओढीने बघितलं होतं. नंतर लक्षात आलं की एका मुलाचा जीव जाण्याचे काही सेकंद आपण करमणुकीच्या डीव्हीडीवर बघतोय. १९७० सालीही समीक्षकांनी यावर टीका केली होती. त्या मुलाच्या थडग्यावर कित्येक वर्षं नावाचा दगडसुद्धा नव्हता. २००६ मध्ये सॅम ग्रीनने त्या थडग्यावर छोटा माहितीपट केला तेव्हा कुठे बाहेरच्यांना ते कळलं. फ्रेमच्या काठावर सापडलेला माणूस जगभर दिसला, पण बघितला कोणीच नाही.

*

आता येतो माझ्या लाडक्या चित्रपटाकडे. 'द लास्ट वॉल्ट्झ'. याची डीव्हीडी मी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतली होती. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, डीव्हीडी अजून चालते.

'द बँड' हे नावच बघा. हे पाच जण आधी रॉनी हॉकिन्स नावाच्या गायकाच्या साथीला होते, मग बॉब डिलनच्या. जन्मजात साथीदार. लोक त्यांना नुसतंच "तो बँड" म्हणायचे, तेच नाव त्यांनी घेतलं. चार कॅनडाचे आणि ड्रम वाजवणारा लेव्हॉन हेल्म अमेरिकेतल्या आर्कन्सॉचा. सोळा वर्षं रस्त्यावर काढल्यावर २५ नोव्हेंबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. थँक्सगिव्हिंगचा दिवस होता, तेव्हा आयोजक बिल ग्रॅहमने पाच हजार लोकांना आधी जेवू घातलं. (आपल्याकडचा भंडाराच!) डिलन, नील यंग, जोनी मिचेल, मडी वॉटर्स, व्हॅन मॉरिसन असे सगळे पाहुणे.

चित्रण केलं स्कॉर्सेसीने, आणि तेही ३५ मिलिमीटरवर, सात कॅमेऱ्यांनी. इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण साथीदाराचं नशीब यातच दडलंय. ३५ मिलिमीटरचं हजार फुटी रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं. मग कॅमेरा थांबवून नवं रीळ भरायचं. रात्रभराच्या कार्यक्रमात सात कॅमेरे आळीपाळीने आंधळे होणार. म्हणून स्कॉर्सेसीने तीनशे पानांची संहिता तयार केली होती. कुठल्या ओळीला कोणता कॅमेरा कोणाकडे बघेल, दिवा कुठे पडेल, सगळं लिहिलेलं. फिल्म महाग, वेळ मोजका, तेव्हा कॅमेरा आधी ठरवल्याप्रमाणे बघणार. आणि ठरवताना मुख्य माणूस आधी ठरतो.

मडी वॉटर्स गायला आला तेव्हा मात्र या योजनेचा बोजवारा उडाला. बाकी सगळे कॅमेरे बंद होते. एकटा लास्लो कोव्हाक्स हेडफोनवरच्या सूचना न ऐकता आपला चालूच राहिला. त्यामुळे त्या गाण्यात जवळपास एकच कॅमेरा आहे, एकच लांबलचक नजर. संपूर्ण चित्रपटातलं ते सर्वांत जिवंत गाणं आहे असं माझं मत आहे. तीनशे पानं एकीकडे आणि एका माणसाने कान काढून ठेवणं एकीकडे.

पण या चित्रपटाला एक कडू बाजू आहे. चित्रपटाचा निर्माता होता बँडचाच गिटारवादक रॉबी रॉबर्टसन, आणि कॅमेरा सतत त्याच्यावर. लेव्हॉन हेल्मने १९९३ च्या आपल्या आत्मचरित्रात यावर राग काढलाय. त्याचं म्हणणं, बँड पाच जणांचा होता आणि पडद्यावर एकाचा झाला. रिचर्ड मॅन्युएल पियानोमागे जवळजवळ दिसतच नाही. गंमत म्हणजे लेव्हॉन, मॅन्युएल आणि रिक डँको हे तिघं बँडचे गायक होते. म्हणजे इथे गाणारेसुद्धा काठावर गेले. मॅन्युएलने १९८६ मध्ये आत्महत्या केली. तो चित्रपट बघताना मी हल्ली पियानोच्या दिशेला डोळे लावून बसतो. कधीतरी एक खांदा दिसतो, दाढी दिसते.

आणि गार्थ हडसन. ऑर्गनवाला. भारदस्त दाढी, जरासा वाकलेला, सगळ्यांच्या मागे वाद्यांच्या ढिगाऱ्यात बसलेला. पाचांतला हाच एक शास्त्रोक्त शिकलेला. रॉकच्या बँडमध्ये पोरगा गेला हे आईवडिलांना पटणार नाही, म्हणून त्याने बाकीच्यांना अट घातली होती की मला आठवड्याला दहा डॉलर द्या, संगीतशिक्षक म्हणून! म्हणजे घरी सांगायला बरं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. आजोबांना पटावं म्हणून त्यांनी स्वतः "भजनी मंडळात जातो" असं सांगून नाटकांच्या तालमींना पेटी वाजवली होती. संपूर्ण चित्रपट बघून बाबांचा अभिप्राय एवढाच: "तो मागचा दाढीवाला पेटीवाला चांगला आहे. त्याला जरा दाखवायला हवं होतं."

*

यावर उत्तर सापडतं १९८४ मध्ये. 'स्टॉप मेकिंग सेन्स', दिग्दर्शक जॉनथन डेमी, बँड 'टॉकिंग हेड्स'. डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवुडच्या पँटेजेस थिएटरात काही रात्री चित्रण झालं. छायाचित्रणकार 'ब्लेड रनर'वाला जॉर्डन क्रोननवेथ.

सुरुवातीला मंच रिकामा. डेव्हिड बर्न एकटा येतो, हातात गिटार आणि एक टेपरेकॉर्डर. एक गाणं होतं. मग टीना वेमथ बास घेऊन येते. मग कामगार ड्रमचा ओटा ढकलत आणतात, ख्रिस फ्रांट्झ येतो. मग जेरी हॅरिसन. मग मागे गाणाऱ्या दोघी, लिन मेब्री आणि एडना होल्ट, तालवाद्यांवर स्टीव्ह स्केल्स, कीबोर्डवर बर्नी वॉरेल, गिटारवर ॲलेक्स वेअर. दर गाण्याला एक-दोन माणसं वाढतात. त्यामुळे होतं काय, की प्रत्येक नव्या माणसाने आवाजात काय भर घातली ते कानाला कळतं आणि तो कोण ते डोळ्याला कळतं. कॅमेरा घाई करत नाही, कापाकापी कमी, आणि श्रोते जवळजवळ शेवटापर्यंत दाखवतच नाहीत. दोन वादक एकमेकांकडे बघून हसतात तेही सुटत नाही.

आपल्या मैफलीत हे पहिल्यापासून आहे. आधी तंबोरे लागतात, मग तबला हातोडीने ठोकून मिळवतात, पेटीवाला सूर देतो, आणि निवेदिका एकेकाचं नाव घेते. डेमीने ही रीत कुठून उचलली नसणार, पण पोचला तो तिथेच. २०२३ मध्ये हा चित्रपट नव्याने झळकून पुन्हा थिएटरात आला, आणि त्यानिमित्ताने अनेक वर्षं एकमेकांशी धड न बोलणारे ते चौघं टोरांटोला एका रांगेत बसले.

बाबांना हा दाखवायचा राहिला.

*

आता मात्र माझ्याच विरुद्ध एक मुद्दा मांडतो. १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये 'निर्वाणा'ने एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड'साठी वाजवलं. मेणबत्त्या आणि लिलीची फुलं, तीही कर्ट कोबेनच्याच सांगण्यावरून. पाच महिन्यांच्या आत, एप्रिल १९९४ मध्ये, त्याने जीव दिला. त्या कार्यक्रमात चेलोवर लोरी गोल्डस्टन आहे, दुसऱ्या गिटारवर पॅट स्मिअर आहे, आणि दोघंही सुंदर वाजवतात. पण शेवटच्या जुन्या लोकगीतात कॅमेरा कर्टच्या चेहऱ्यावर राहतो. अखेरच्या ओळीत तो श्वास घ्यायला थांबतो, डोळे उघडतो, आणि क्षणभर समोर बघतो. त्या क्षणी कॅमेरा चेलोकडे वळला असता तर मी त्याला माफ केलं नसतं.

म्हणजे गायकाकडे बघणं ही चूक नाही. गाणं तिथूनच येतं. त्या रात्री काकूही फार छान गायल्या होत्या, आणि आज त्याही नाहीत. त्यांच्या मुलीला हीच कॅसेट पाठवली तेव्हा ती फोनवर रडली. तिच्यासाठी मी कॅमेरा अगदी बरोबर धरला होता.

तेव्हा मला वाटतं प्रश्न कॅमेरा कुठे धरला हा नाहीच. प्रश्न असा, की कॅमेरा एकच होता. आणि एका कॅमेऱ्याने कोणाला तरी गमवावंच लागतं.

याचं उत्तर रॉकच्या श्रोत्यांनी फार गोड दिलं. २३ ऑगस्ट २००९ ला 'रेडिओहेड'चा प्रागमध्ये कार्यक्रम होता. तिथल्या काही चाहत्यांनी ठरवलं की गर्दीत वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून आपण आपल्या छोट्या कॅमेऱ्यांनी चित्रण करायचं आणि नंतर जोडायचं. पन्नासेक जण होते. बँडला हे कळलं तेव्हा त्यांनी वकील पाठवला नाही, तर कार्यक्रमाचं मूळ ध्वनिमुद्रण पाठवलं! २०१० मध्ये तो संपूर्ण चित्रपट सगळ्यांना फुकट मिळाला. चित्र हलतं, मध्येच कोणाचं तरी डोकं येतं. पण ज्याला ड्रमवाला आवडतो त्याने ड्रमवाल्याकडे कॅमेरा धरला होता, ज्याला बास आवडतो त्याने बासकडे. पाचही जण दिसतात. तीनशे पानांची संहिता लागली नाही.

२१ जानेवारी २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचा तिसरा कार्यक्रम होता. पुतण्या गेला होता, त्याने चाळीसेक क्लिप पाठवल्या. हजारो फोन हवेत. त्याच तारखेला तिकडे वुडस्टॉकमध्ये गार्थ हडसन गेला. 'द बँड'च्या पाचांतला शेवटचा. ती बातमी वाचली आणि पुतण्याच्या सगळ्या क्लिप पुन्हा बघितल्या. एकातही कीबोर्डवाला नाही :) मी त्याला काही बोललो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

*

पुन्हा त्या कॅसेटकडे. भाचीला काय सांगायचं या विचाराने मी छप्पन्न मिनिटं तीनदा बघितली. तिसऱ्यांदा मध्यंतराच्या पुढे एक जागा सापडली. मी कॅमेरा पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवून चहा घ्यायला गेलोय, बंद करायचं विसरून. चार मिनिटं. फ्रेम तिरकी. कोणाची तरी साडी मधून जाते. एक लहान मुलगा भिंगात डोळा घालून बघतो. आणि मागे, सरळ समोर, पेटी. काकू नाहीत, त्या मंचाच्या डाव्या अंगाला राहिल्यात, नुसता आवाज येतोय.

पण पेटी समोरून दिसते तेव्हा काय दिसतं? भाता. पट्ट्या वादकाच्या बाजूला असतात, त्या झाकलेल्या. बाबांचा डावा हात भात्यावर आहे, अंगठीसकट. हात एका संथ लयीत उघडतो आणि मिटतो. तान आली की जरा जोर येतो. समेला थांबतो. काकू एका जागी घसरल्या, तर तो हात अर्धा क्षण रेंगाळला आणि त्यांना सूर मिळेपर्यंत हवा धरून ठेवली. वर बाबांचा चेहरा आहे, काकूंकडे वळलेला. कॅमेरा चालू आहे हे त्यांना माहीत नाही.

ती चार मिनिटं कापून भाचीला पाठवली. म्हटलं, बोटं नाहीत गं, भाताच आहे. दोन दिवसांनी तिचा निरोप आला: "मामा, गुरुजी म्हणाले, भाता असा चालवायला मला अजून पाच वर्षं लागतील." अंगठ्याचं मात्र तिने पुन्हा विचारलंय.

म्हणून हा सगळा प्रपंच. २००३ च्या गणपतीत, विसर्जनाच्या आदल्या रात्री, आमच्या सोसायटीत जे जे होते त्यांनी कृपा करून आपली कपाटं, माळे, जुने डबे बघा. मला आठवतंय त्याप्रमाणे उजव्या बाजूला भिंतीशी अजून एक जण कॅमेरा घेऊन उभा होता, आणि त्या बाजूने पेटीच्या पट्ट्या दिसत असणार. त्याने काकूंकडेच कॅमेरा धरला असेल, तरी चालेल. अलीकडे, कडेला कोण दिसतंय तेवढं फक्त बघून कळवा.